२^६४ − १ म्हणजेच १८४४६७४४०७३७०९५५१६१५ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी मुलांना गणित शिकवताना बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सांगितली की पुढचे पंधरा दिवस मला याच एका आकड्याबद्दल मेसेज येत राहतात. मुलांचे येतात, त्यांच्या आईबाबांचे येतात, कोडिंग शिकणाऱ्या कॉलेजच्या पोरांचे तर हमखास. तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलंय. हा आकडा माझा अतिशय लाडका आहे. बघताना वाटतं कुणी डोळे मिटून वीस अंक टाइप केलेत, पण कागद पेन्सिल घेऊन बसलात तर त्याचा एकेक अंक आणि एकेक अवयव हातानं काढता येतो. सोपे प्रश्न आधी घेतलेत, किचकट नंतर.

१. हा एवढा लांबलचक आकडा नक्की येतो कुठून?

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरं. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, चौथ्यात ८, असं प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट. सगळ्या घरांतले दाणे मिळून जी बेरीज होते ती ही. ती २^६४ − १ च का, हे समजायला सूत्र लागत नाही. पटाबाहेरून एक जास्तीचा दाणा आणा आणि पहिल्या घरातल्या दाण्याजवळ ठेवा, झाले २. हे २ आणि दुसऱ्या घरातले २ मिळून ४, ते ४ आणि तिसऱ्या घरातले ४ मिळून ८, असं शेवटच्या घरापर्यंत सगळं जुळत जातं आणि बरोब्बर २^६४ होतात. आता आणलेला दाणा परत करा. उरले २^६४ − १.

२. ६४ व्या घरातच एवढे दाणे असतात ना?

नाही, आणि ही चूक सगळ्यात जास्त होते. शेवटच्या घरात २^६३ म्हणजे ९२२३३७२०३६८५४७७५८०८ दाणे असतात, कारण पहिल्या घरात २ चा शून्यावा घात असतो. आपला आकडा पूर्ण पटाचा आहे. काही जण गोष्ट सांगताना पहिल्या घरात २ दाणे ठेवतात, मग बेरीज २^६५ − २ होते, म्हणजे आपल्या आकड्याच्या बरोबर दुप्पट.

३. मराठीत वाचायचा कसा?

आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले की १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ असं दिसतं. बोलताना सोप्पं म्हणजे कोटीत मोजायचं: १ लाख ८४ हजार ४६७ कोटी कोटी, ४४ लाख ७ हजार ३७० कोटी, ९५ लाख ५१ हजार ६१५. "कोटी कोटी" कानाला विचित्र लागतं पण चूक काहीच नाही.

भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेली स्थानांची नावं वापरली तर वाचायला मजा येते. ती एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी अठरा आहेत आणि प्रत्येक आधीच्याच्या दहापट. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. आपला आकडा मग १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी शून्य, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश, ५. म्हणजे शेवटचं नाव संपल्यावरही तो १८४ पट मोठा आहे.

एक सांभाळा. हिंदीतला खरब म्हणजे १ वर ११ शून्यं आणि लीलावतीतला खर्व म्हणजे १ वर १० शून्यं. दोन्हींची सरमिसळ झाली की दहापट फरक पडतो.

४. ६४ वेळा दुप्पट करत बसायचं का? हातानं काढायची काही युक्ती?

युक्ती आहे आणि तीही लीलावतीतच आहे. जेवढे घात हवेत तो आकडा घ्या. विषम असेल तर १ वजा करा आणि बाजूला "गुण" लिहा, सम असेल तर निम्मा करा आणि "वर्ग" लिहा, शून्य येईपर्यंत. मग लिहिलेलं खालून वर करत या. ६४ घेतलं तर ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असे सहा "वर्ग" आणि शेवटी एक "गुण" मिळतो. म्हणजे २ पासून सुरू करून फक्त सहा वेळा वर्ग करायचा:

२, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि मग आपला.

शेवटचा वर्ग करताना पोरं घाबरतात, म्हणून तो इथे पूर्ण करून दाखवतो. ४२९४९६७२९६ चे दोन तुकडे करा, ४२९४९ आणि ६७२९६. आता (अ + ब)² चा विस्तार.

४२९४९² = (४३००० − ५१)² = १८४४६१६६०१, याच्यापुढे दहा शून्यं.
२ × ४२९४९ × ६७२९६ = ५७८०५९१८०८, याच्यापुढे पाच शून्यं.
६७२९६² = (६७३०० − ४)² = ४५२८७५१६१६.

तिन्ही एकाखाली एक नीट मांडून बेरीज केली की १८४४६७४४०७३७०९५५१६१६ येतं, त्यातून १ वजा. चौकटीच्या वहीत करा, स्थानं सरकत नाहीत. माझ्याकडची सातवीतली एक मुलगी पहिल्यांदा हे करून आली तेव्हा वहीचं पान चारचार वेळा खोडून पातळ झालं होतं पण उत्तर शेवटच्या अंकापर्यंत बरोबर होतं, तो दिवस मी विसरणार नाही.

५. मग लीलावतीत हा आकडा आहे का?

हा नाही, पण याचा धाकटा भाऊ आहे. इ.स. ११५० च्या त्या ग्रंथात एक उदाहरण आहे: एका माणसानं याचकाला पहिल्या दिवशी २ कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट द्यायचं वचन दिलं, तर एका महिन्यात किती निष्क दिले? तीस दिवसांचं उत्तर २१४७४८३६४६ कवड्या. त्या वेळच्या कोष्टकानं २० कवड्यांची काकिणी, ४ काकिण्यांचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क, म्हणजे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या.

कोडिंगवाल्यांनो, या कवड्यांत १ मिळवा आणि बघा. २१४७४८३६४७, तुमच्या ३२ बिटच्या इंटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा.

६. राजाची आणि दाण्यांची गोष्ट खरी आहे का?

राजानं बुद्धिबळ शोधणाऱ्याला बक्षीस विचारलं आणि त्यानं हे दाणे मागितले वगैरे घडल्याचा पुरावा नाही. पण गोष्ट खूप जुनी आहे आणि गणित तर पक्कं आहे. अल बिरूनीनं इ.स. १००० च्या आसपास हा आकडा शेवटच्या अंकापर्यंत बरोबर दिला होता, आणि तोही वर्गाचा वर्ग करत करतच काढून. बुद्धिबळ शोधणारा म्हणून सांगतात त्या सिस्सा नावाच्या माणसाची गोष्ट तेराव्या शतकात इब्न खल्लिकाननं लिहून ठेवलीय.

७. एवढा तांदूळ म्हणजे नक्की किती?

आम्ही घरी जाड्या तांदळाचे १००० दाणे मोजले, दहादहाच्या ढिगल्या करून ताटात मांडले आणि किचनच्या वजनकाट्यावर ठेवले, साधारण २० ग्रॅम भरले. तो हिशोब धरला तर पूर्ण पटावर जवळपास ३६,९०० कोटी टन तांदूळ होतो. सगळ्या जगात वर्षाला साधारण ५० कोटी टनांच्या वर तांदूळ होतो, म्हणजे सातशे वर्षांचं पीक. बारीक तांदूळ घेतला तर वजन कमी भरेल पण चित्र तेच.

अर्धा पट भरेपर्यंत मात्र काहीच भयंकर वाटत नाही. पहिल्या ३२ घरांत मिळून ४२९४९६७२९५ दाणे, म्हणजे साधारण ८६ टन, आठ-नऊ ट्रकमध्ये मावतील. ३३ व्या घरात मात्र या सगळ्यांपेक्षा एक दाणा जास्त, आणि तिथून पुढे राजाचं कोठार संपतं.

८. ही मूळ संख्या आहे का?

नाही. शेवटी ५ आहे तिथेच उत्तर मिळालं. शेवटी ५ च का, तर २ च्या घातांचा शेवटचा अंक २, ४, ८, ६ असा फिरतो, ६४ ला ४ नी भाग जातो म्हणून २^६४ च्या शेवटी ६, त्यातून १ गेला.

खरं कारण याहून खोल आहे. २^न − १ मध्ये न चे अवयव पडत असतील तर त्या संख्येचेही पडतातच. म्हणून २^६४ − १ मूळ असूच शकत नाही, तर जवळचीच २^६१ − १ मूळ आहे, ते रशियाच्या पेर्वुशिन यांनी १८८३ मध्ये दाखवलं. पण उलटं धरून चालू नका, घात मूळ असला तरी संख्या मूळ असेलच असं नाही. २^६७ − १ ला लोक खूप वर्षं मूळ समजत होते, १९०३ मध्ये कोल यांनी तिचे अवयव पाडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

९. वीस अंकी संख्येचे अवयव हातानं कसे पाडायचे?

नववीतलं अ² − ब² = (अ + ब)(अ − ब), बस. २^६४ − १ = (२^३२ + १)(२^३२ − १). उजवा कंस परत फोडा, परत फोडा, फोडत जा. शेवटी राहतं

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७.

पहिले पाच मूळ आहेत. सहाव्याची कहाणी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हे सगळे आकडे "२ चा २^क वा घात अधिक १" अशा साच्यातले, आणि १६४० च्या सुमारास फ्रान्सच्या फर्मा या गणितज्ञानं म्हटलं होतं की असे सगळे आकडे मूळच असणार. १७३२ मध्ये ऑयलरनं सहावा फोडला: ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. ऑयलरनंच नंतर सिद्ध केलं की याचा कुठलाही मूळ अवयव "६४ ची पट अधिक १" असाच असतो, त्यामुळे तपासायला १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढेच घ्यायचे, पाचव्या प्रयत्नात सापडतो.

भागाकार न करताही ६४१ पटवता येतो. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणजे ६४१ नी भागताना ५ × २^७ आणि −१ एकच (दोघांची बाकी सारखी). दोन्हींचा चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ आणि १ एकच. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणजे ५^४ आणि −२^४ एकच. ते वर ठेवा, −२^३२ आणि १ एकच, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ नी पूर्ण भाग. चार ओळी आणि दहा अंकी संख्या पडली, मला तरी हे बघताना दर वेळी आनंद होतो.

१०. एकूण विभाजक किती?

१२८. वरच्या उत्तराप्रमाणे मूळ अवयव सात (३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७), प्रत्येक एकदाच येतो, म्हणून २^७. त्यांच्या ६४ जोड्या होतात, ६४ घरांच्या पटाला ६४ जोड्या, हा योगायोगच पण गोड आहे. सगळ्यात जवळची जोडी ४२९४९६७२९५ आणि ४२९४९६७२९७, दोघांत फक्त २ चा फरक. संख्या विषम आहे म्हणून प्रत्येक जोडीमागे दोन वर्गांची एक वजाबाकी मिळते, म्हणजे हा आकडा दोन वर्गांची वजाबाकी म्हणून ६४ प्रकारे लिहिता येतो.

११. ७, ९, ११, १३ नी भाग जातो का? आणि ही हर्षद संख्या आहे का?

चारही नाही. बाकी अनुक्रमे १, ६, ४, २ उरते. वीस अंकांना भागत बसू नका, २ च्या घातांची बाकी गोल फिरते त्याचा फायदा घ्या. ७ नी भागताना २, ४, १ असं दर तीन घरांनी फिरतं, ६४ ला ३ नी भागून १ उरतो, म्हणून २^६४ ची बाकी २, त्यातून १ वजा केला की १.

हर्षद संख्या म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो ती, ही कल्पना नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची. आपल्या आकड्याच्या अंकांची बेरीज ८७, म्हणजे ३ × २९. ३ नी भाग जातो पण २९ नी जात नाही, २३ बाकी उरते. म्हणून हर्षद नाही.

१२. पूर्ण वर्ग, त्रिकोणी, परिपूर्ण, यातलं काही?

पूर्ण वर्ग नाही. ४ नी भागल्यावर ३ उरतात, आणि वर्गाला ४ नी भागलं तर ० किंवा १ च उरतो. याच कारणानं दोन वर्गांची बेरीज म्हणूनही लिहिता येत नाही (वजाबाकी येते, प्र. १० बघा).

त्रिकोणी (१ + २ + ३ + ... अशा बेरजेतून येणारी) पण नाही, आणि इथे रामानुजन येतात. २^न − १ प्रकारचे त्रिकोणी आकडे फक्त ०, १, ३, १५ आणि ४०९५ एवढेच. हा रामानुजन यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या प्रश्नाचाच दुसरा चेहरा आहे आणि त्याची सिद्धता नॉर्वेच्या नागेल यांनी १९४८ मध्ये दिली.

परिपूर्णही नाही. स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज आकड्याच्या साधारण ७० टक्केच भरते. "२^६३ × (२^६४ − १) तरी परिपूर्ण असेल ना" असं विचारणारे बरेच असतात, पण परिपूर्ण संख्यांच्या २^(न−१) × (२^न − १) या सूत्राला कंसातली २^न − १ ही संख्या मूळ लागते, आणि ती नाही (प्र. ८).

१३. एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी आणि कंपासनं काढता येईल का?

कागद पुरण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी नाही. विषम बाजूंचा सुसम बहुभुज तेव्हाच निघतो जेव्हा बाजूंची संख्या वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा (प्र. ९ मधल्या साच्यातल्या मूळ संख्यांचा) गुणाकार असते. गाउसनं १७९६ मध्ये १७ बाजूंचा निघतो हे दाखवलं तेव्हा तो १९ वर्षांचाही नव्हता, आणि बाकीचे निघत नाहीत हे वांट्झेलनं १८३७ मध्ये सिद्ध केलं. आपल्या आकड्यात ६४१ घुसलाय, तो फर्मा मूळ संख्या नाही, तिथेच अडतं. अर्ध्या पटाच्या आकड्याला, ४२९४९६७२९५ ला, मात्र चालतं. विषम बाजूंच्या काढता येणाऱ्या माहीत असलेल्या बहुभुजांत तो सगळ्यात मोठा आहे.

१४. मेरुप्रस्ताराशी याचा काय संबंध?

फार सुंदर संबंध आहे. मेरुप्रस्तार, ज्याला पुस्तकात पास्कलचा त्रिकोण म्हणतात, तो लिहा आणि विषम अंकाच्या जागी १, सम अंकाच्या जागी ० ठेवा. प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... या सगळ्या आपल्या आकड्याच्या विभाजकच आहेत. ६४ व्या ओळीत ६४ च्या ६४ अंक विषम येतात, म्हणजे सलग चौसष्ट १, आणि तोच आपला आकडा. या ६४ ओळींतून १२८ पैकी निम्मे विभाजक मिळतात. राहिलेल्या निम्म्यांत ६४१ आणि ६७००४१७ यांच्यापैकी एकच असतो, ती फोड मेरुप्रस्ताराला दिसत नाही. मुलांना वहीत आठ ओळी रंगवायला सांगा, विषम चौकटीच रंगवायच्या, त्रिकोणात त्रिकोण दिसायला लागतात.

१५. काशीच्या देवळात ६४ चकत्या हलवतात ती गोष्ट?

तीन खांबांवर लहानमोठ्या चकत्यांची चळत एका खांबावरून दुसऱ्यावर न्यायची, एका वेळी एकच हलवायची आणि मोठी लहानीवर ठेवायची नाही, असा हा खेळ (टॉवर ऑफ हनोई) फ्रान्सच्या ल्युका यांनी १८८३ मध्ये काढला आणि काशीची गोष्ट तिकडेच त्याला जोडली गेली. गणित खरं आहे, ६४ चकत्यांना कमीत कमी २^६४ − १ चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली तर साधारण ५८,४५४ कोटी वर्षं, विश्वाच्या आजवरच्या वयाच्या बेचाळीस पट.

१६. एक्सेलमध्ये शेवटी शून्यं का येतात? माझं उत्तर चुकलं का?

तुमचं नाही चुकलं. एक्सेल १५ च अंक नीट धरतं, म्हणून १८४४६७४४०७३७०९६००००० दाखवतं. जावास्क्रिप्टमध्ये शेवट ...५५२००० असा येतो. दोन्हीकडे आतून संख्या ५३ बिटांत ठेवतात, त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्ण संख्या वेगळी ओळखता येत नाही, आणि २^६४ − १ व २^६४ हे दोघं एकच होऊन बसतात. पायथॉनमध्ये २**६४ − १ टाका, अंक न् अंक बरोबर येईल. किंवा प्र. ४ ची वही काढा.

१७. प्रोग्रॅममध्ये −१ ठेवलं तर हाच आकडा छापला जातो, हे कसं काय?

६४ बिटच्या बिनचिन्ह खान्यात मावणारा हा सगळ्यात मोठा आकडा, सगळे ६४ बिट १. सोळाच्या पायात लिहिला तर सलग सोळा एफ. यात १ मिळवला की हातचा पुढे पुढे सरकत खान्याच्या बाहेर पडतो आणि आत ० उरतो. ज्याच्यात १ मिळवल्यावर ० येतं तो −१, म्हणून तेच बिट चिन्हासकट वाचले तर −१ आणि चिन्हाशिवाय वाचले तर आपला आकडा. चिन्हवाल्या खान्यात मात्र कमाल ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंतच जाता येतं, आणि तोही मूळ नाही, त्याला ७ नी दोनदा भाग जातो.

१८. याचे शेजारी कसे आहेत?

पुढचा २^६४, त्यात २ सोडून दुसरा मूळ अवयव नाही. त्याच्या पुढचा १८४४६७४४०७३७०९५५१६१७ हा फर्माच्या साच्यातला पुढचा आकडा, तोही मूळ नाही. १८८० मध्ये फ्रान्सच्या लांद्री यांनी तो फोडला, २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१, तेव्हा त्यांचं वय ८२ होतं. म्हणजे एकाला सात मूळ अवयव, मधल्याला एक, पलीकडच्याला दोन. मागे यायचं तर सगळ्यात जवळची मूळ संख्या १८४४६७४४०७३७०९५५१५५७, आपल्या आकड्याच्या ५८ घरं अलीकडे.